अमेननख्तचं रजिस्टर

“आम्ही भुकेले आहोत, १८ दिवस उलटून गेले.”

हे वाक्य जवळपास ३२०० वर्षांपूर्वी बोललं गेलंय, आणि बोलणारी माणसं म्हणजे इजिप्तच्या फॅरोचं, म्हणजे राजाचं, थडगं खोदणारे, त्याच्या भिंती रंगवणारे कारागीर. राजा तिसरा रामसेस, त्याच्या कारकिर्दीचं २९वं वर्ष, हिवाळ्याचा दुसरा महिना, तारीख १०. त्या दिवशी टोळी काम सोडून निघाली, दफनभूमीच्या पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडून खाली उतरली आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसली. मुकादम आले, त्यांच्या हाताखालचे आले, लेखनिक आला, सगळ्यांनी हाका मारल्या, शपथा घेऊन सांगितलं की परत चला, राजाचा शब्द आहे आमच्याकडे, पण कुणी उठलं नाही. दिवस तिथेच काढला. पुढच्या दोन दिवसांत तर ते दुसऱ्या रामसेसच्या देवळापर्यंत जाऊन थडकले, आणि त्या देवळाच्या मागे धान्याची कोठारं होती, म्हणजे जायचं कुठे हे त्यांना बरोबर कळत होतं.

हे सगळं एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, लिहिलेलं आहे, तो आज इटलीत ट्यूरिनच्या इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, आणि जगातला लेखी नोंद असलेला पहिला संप म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. लिहिणारा बहुधा अमेननख्त, इपुयचा मुलगा, त्या टोळीचा लेखनिक. मला सांगायचंय ते या माणसाबद्दल आणि त्याच्या घराण्याबद्दल.

कारण असं की मी पगारपत्रकं करते. गेली कित्येक वर्षं हेच काम, मस्टर, खाडे, उचल, थकबाकी. मागच्या एका नोकरीत असे महिने बघितलेत की पैसे वरून आलेच नाहीत आणि खिडकीच्या पलीकडे माणसं उभी, अलीकडे मी. ती माणसं मालकाला बघत नाहीत, त्यांना दिसते ती खिडकीतली बाई. तिला माहीत असतं की तिजोरीत काही नाही आणि तिलाच सांगायचं असतं की पुढच्या आठवड्यात या. म्हणून इजिप्तचा इतिहास वाचताना इतरांना तुतानखामुनचा सोन्याचा मुखवटा दिसत असेल, मला अमेननख्त दिसतो, हातात बोरूसारखी लेखणी, समोर ६०-६५ उपाशी माणसं, आणि वर वजीर, आणि त्याच्याही वर देव मानला गेलेला राजा.

लहानपणी बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी आणलेली ममी बघितली होती, पुस्तकात पिरॅमिड होते, मेनेथो नावाच्या पुजाऱ्याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात सगळ्या राजांना ३० घराण्यांत बसवून टाकलं ते पाठ केलं होतं, आणि आजही इतिहास त्याच खणांत मांडतात, १८वं घराणं, १९वं, २०वं. ते सोयीचं आहे, मी पण वापरते. पण खुफूच्या पिरॅमिडकडे बघून खुफूचा काळ कसा होता हे मला तरी कळत नाही. तिसऱ्या रामसेसचा काळ मात्र कळतो, आणि तो त्याच्या देवळावरून कमी आणि त्याच्या कामगारांनी लिहिलेल्या खापऱ्यांवरून जास्त.

लक्सरला आम्ही गेलो तेव्हा सगळी गर्दी राजांच्या दरीकडे होती. दैर अल-मदिनाला, या थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या गावाला, फार थोडी माणसं येतात. नाइलच्या पश्चिम काठाला, शेतं संपून वाळवंटाचे डोंगर सुरू होतात तिथल्या एका खोलगट जागेत हे गाव आहे, कमरेएवढ्या भिंती उरल्यात, मधून एक चिंचोळी गल्ली आणि दोन्हीकडे एकाला एक चिकटलेली घरं, अगदी आपल्या चाळीच्या खोल्यांसारखी लांबुळकी. गावकोसाच्या आत सुमारे ६८ घरं. पुढची खोली, तिच्यात विटांचा एक ओटा, मग खांब असलेली मधली खोली, बसायला कट्टा, मागे स्वयंपाकाची जागा, माळवदावर जायला जिना आणि खाली तळघर. पाणी नाही. एक थेंब नाही. सगळं पाणी खालून नाइलच्या बाजूने गाढवांवर यायचं, पाणके वेगळे, मासे आणणारे वेगळे, सरपण आणणारे, कुंभार, कपडे धुणारे, सगळी माणसं सरकारने नेमून दिलेली, कारण हे गाव स्वतः काही पिकवत नव्हतं. त्यांचं काम एकच, राजाचं थडगं. आणि त्यामुळेच वरून धान्य थांबलं की इथे दुसरा काही आधार नाही, हे तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतं, चारी बाजूंनी नुसता पिवळा दगड.

पण पाणी नाही म्हणूनच सगळं टिकलं. इजिप्तमधली बाकीची गावं नाइलच्या पुराच्या गाळात गेली, हे गाव कोरडं राहिलं. पपायरस महाग, म्हणून रोजचं लिखाण चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर व्हायचं, आणि अशा हजारो खापऱ्या तिथे सापडल्यात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर याने १९२२ ते १९५१ पर्यंत इथे खोदकाम केलं, गावाजवळ सुमारे ५० मीटर खोल एक खड्डा आहे तो त्याच्या लोकांनी उपसला तर आत खापऱ्याच खापऱ्या. चिठ्ठ्या, उधाऱ्या, भांडणं, धुण्याच्या याद्या, प्रेमकविता, गाढव भाड्याने दिल्याचे हिशेब. त्या काळी अख्ख्या देशात लिहिता येणारी माणसं शंभरात मोजकी, आणि या एका गावात सुतार-गवंडी-चित्रकार लिहीत होते, कारण थडग्याच्या भिंतीवर काय काढतोय ते त्यांना वाचता यावं लागायचं.

ब्रिटिश म्युझियममध्ये यातली एक मोठी कपची आहे, दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाची. ती म्हणजे मस्टर आहे हो, दुसरं काही नाही. ४० कामगारांची नावं, नावापुढे गैरहजर असलेल्या तारखा काळ्या शाईत आणि वर बारीक अक्षरात लाल शाईने कारण. आजारी. डोळे आले. विंचू चावला. आईच्या प्रेताला कापड गुंडाळत होता. भावाला पुरायला गेला. घर बांधतोय. बिअर गाळत होता. मुलीची पाळी आली. लेखनिकाचं खासगी काम करायला गेला. असे २८० दिवस त्यात मोजलेत. फोटो मोठा करून मी ती कपची कितीतरी वेळ बघत बसले होते, कारण मी पण असंच करते, आकडा एका रंगात आणि शेरा दुसऱ्या रंगात, आणि शेरा लिहिताना मनात येतं ना की हा खरंच आजारी होता का, तर त्या लेखनिकाच्याही मनात आलं असेल. पण त्याने लिहिलं. लेखनिकाचं खासगी काम हे कारणसुद्धा त्याने लपवलं नाही.

पगार असा होता: साध्या कामगाराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार जव, खार म्हणजे सुमारे ७७ लिटरचं माप. मुकादमाला साडेपाच आणि २. गहू म्हणजे खपली, तोच जो आपल्याकडे सांगली-साताऱ्याला अजून पेरतात आणि खिरीला वापरतात. खपलीची भाकर-पाव आणि जवाची बिअर, हे त्यांचं जेवण. साध्या कामगाराचे ते मिळून ४०० लिटरच्या वर धान्य होतं, एका कुटुंबाला खाऊन उरेल इतकं, आणि उरलेलं देऊन बाकीची खरेदी व्हायची, नाणी नव्हतीच. शिवाय मासे, भाजी, तेल, कपडे, सरपण वेगळं. पगाराचा दिवस महिन्याची २८ तारीख, पुढच्या महिन्याचा आगाऊ. आठवडा १० दिवसांचा, शेवटचे २ दिवस सुट्टी. कामाच्या दिवसांत ते गावात झोपायचे नाहीत, डोंगराच्या खिंडीत दगडी झोपड्या होत्या तिथे राहायचे आणि पलीकडे राजांच्या दरीत उतरायचे. तांब्याच्या छिन्न्या देताना वजन करून द्यायच्या, परत घेताना वजन करून घ्यायच्या. दिव्याच्या वातीसुद्धा मोजून. अंधारात दिवे लावून काम, म्हणून डोळ्यांची दुखणी. नेफेराबू नावाच्या एका कामगाराची शिळा आहे, तीत तो प्ताह देवाला म्हणतो की मी तुझी खोटी शपथ घेतली आणि तू मला दिवसा अंधार दाखवलास. त्याला ती शिक्षा वाटली.

एक चांगलं जमून आलेलं तंत्र होतं हे सगळं, आणि १९व्या घराण्यात, सेती आणि दुसऱ्या रामसेसच्या काळात, ते चाललं. आदर्श वगैरे नव्हतं. पानेब नावाचा एक मुकादम होऊन गेला, त्याच्याविरुद्ध तक्रारीचा लांबलचक पपायरस आहे, वजिराला पाच नोकर लाच देऊन जागा मिळवली, राजाच्या थडग्याचे दगड चोरून स्वतःच्या थडग्याला लावले, दारू पिऊन राजाच्या शवपेटीवर बसला. तक्रार करणाऱ्याला स्वतःला ती जागा हवी होती, त्यामुळे किती धरायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण धान्य येत होतं.

मग २०वं घराणं. तिसरा रामसेस गादीवर आला इ. स. पू. ११८६ च्या सुमारास. आठव्या वर्षी समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांना त्याने नाइलच्या मुखाशी हरवलं, याच टोळ्यांच्या धामधुमीच्या काळात आजच्या तुर्कस्तानातलं हित्ती राज्य कोसळलं होतं, सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित शहर जळालं होतं, तेव्हा हा विजय लहान नाही. मेदिनेत हाबू इथे त्याच्या देवळाच्या भिंतीवर ती लढाई कोरली आहे, अंगावर येते इतकी मोठी. आणि त्याच्या दानधर्माची यादी असलेला पपायरस आहे तो ४० मीटरपेक्षा लांब, देवळांना दिलेली जमीन, गुरं, माणसं, सोनं, मध, धूप, सगळं मोजून. हे वाचलं की राजा केवढा श्रीमंत वाटतो. आणि मेदिनेत हाबूपासून चालत गेलं तर दैर अल-मदिना लागतं, तिथे २८ तारीख उलटून जायची आणि गाढवं यायची नाहीत.

कारण एकच नव्हतं. लढायांचा खर्च होता, धान्याचे भाव चढत होते, देवळांकडे जमीन आणि कोठारं जात होती आणि राज्याच्या कोठारातून माल सुटायला अधिकाऱ्यांच्या पायऱ्या होत्या. आणि २९वं वर्ष म्हणजे राजाच्या ३० वर्षांच्या मोठ्या उत्सवाची तयारी. वजिराचं नाव ‘तो’. या ‘तो’नेच १६व्या वर्षी अमेननख्तला लेखनिकाच्या जागेवर नेमलं होतं. ज्याने नोकरी दिली त्याच्याच कारभाराची थकबाकी लिहायची वेळ आली, ही गोष्ट मला फार जवळून समजते.

तर कामगार दुसऱ्या रामसेसच्या देवळात बसले आणि तिथल्या अधिकाऱ्यांना म्हणाले: “आम्ही इथे आलो ते भुकेने आणि तहानेने. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमचा चांगला धनी फॅरो, त्याला कळवा, आणि वजिराला कळवा, आमचं पोट चालेल असं करा.” आणि त्यांना आदल्या महिन्याचं धान्य त्याच दिवशी मिळालं. म्हणजे कोठारात होतं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, ते राजाच्या विरोधात बोलत नाहीत. आमचा चांगला धनी म्हणतात. राज्याची सगळी कल्पना अशी होती की फॅरो आहे म्हणून सूर्य उगवतो, नाइलला पूर येतो, जगाची घडी नीट बसते, त्या घडीला ते मआत म्हणायचे, आणि राजाचं पहिलं काम मआत राखणं. तर हे कामगार त्या कल्पनेवर विश्वास ठेवून, तिच्याच आधाराने जाब विचारतात. थोड्या दिवसांनी परत बाहेर पडले तेव्हा तर ते म्हणाले की आम्ही फक्त भुकेपायी भिंती ओलांडल्या नाहीत, आमचा एक मोठा आरोप आहे, फॅरोच्या या जागेत वाईट गोष्टी चालल्यात. ३२०० वर्षांपूर्वी, ज्या देशात राजाच्या पायाशी माती चाटत जायचं, तिथे मजूर माणसं हे बोलली, आणि कुणी त्यांना तोडलं-मारलं अशी नोंद नाही.

पोलीसप्रमुख होता मोंतुमेस. दफनभूमीच्या रक्षकांचा मुख्य. त्याने काय करायला हवं होतं ते आपल्याला माहीत आहे. त्याने काय केलं, तर कामगारांना म्हणाला, माझं ऐका, वर जा, अवजारं गोळा करा, दारांना कड्या घाला, बायकापोरांना घेऊन या, मी तुमच्या पुढे चालतो सेतीच्या देवळाकडे. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात हा माणूस मोठा होऊन बसला. आणि मग दुसरी खापरी वाचली, शिकागोत असलेली. मेन्ना नावाच्या कामगाराने याच मोंतुमेसला ताज्या चरबीचं भांडं विकलं होतं १७व्या वर्षी, हा म्हणाला जव देतो, माझा भाऊ जामीन. दिले नाहीत. मेन्नाने त्याला तीनदा कोर्टात खेचलं, लेखनिक अमेननख्तच्या समोर, आणि १८ वर्षांनी, पुढच्या राजाच्या तिसऱ्या वर्षी, मोंतुमेस शपथ घेतोय की ठरलेल्या मुदतीत नाही दिले तर मला १०० फटके मारा आणि दुप्पट वसूल करा. एकच माणूस संपकऱ्यांच्या पुढे चालणारा आणि एका मजुराची उधारी १८ वर्षं बुडवणारा. दोन्ही खरं. अमेननख्तच्या दप्तरात दोन्ही नोंदी शेजारी राहू शकतात, कुठलीही एक खोडावी लागत नाही, आणि याच्यासाठी मला राजांच्या शिलालेखांपेक्षा या खापऱ्या जास्त विश्वासाच्या वाटतात.

वजीर ‘तो’ उत्सवासाठी दक्षिणेतल्या देवांच्या मूर्ती न्यायला आला आणि गावात न येताच निघाला. निरोप मात्र पाठवला: मी आलो नाही ते तुम्हाला द्यायला काही नव्हतं म्हणून, आमचा शिधा काढून घेऊ नका म्हणता, मी काय काढून घ्यायला वजीर झालोय का, कोठारातच काही नसलं तरी जे सापडेल ते देतो. आणि अर्धा शिधा दिला. अर्ध्या पगारावर भागवून घ्या म्हणणारा निरोप मी पण वाचून दाखवलाय, त्यामुळे या ओळी वाचताना मला राग आला तो आजचा राग होता. नगराचा प्रमुख जाताना दिसला तेव्हा कामगारांनी त्यालाही हाक मारली, त्याने राजाचा शिधा येईपर्यंत ५० पोती गहू देतो म्हणून सांगितलं, आणि त्याच्यावरच पुढे आरोप झाला की देवळाच्या नैवेद्याचं धान्य वाटलं. थांबत-सुरू होत महिनोनमहिने हे चाललं. पैसे वेळेवर यायला लागले असं काही झालं नाही. पुढच्या राजांच्या काळातही कामगार परत परत बाहेर पडून बसलेले सापडतात.

त्या गावातल्या बायकांबद्दल एक सांगायलाच हवं. पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी नौनख्त नावाची म्हातारी १४ साक्षीदारांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी फॅरोच्या देशातली स्वतंत्र बाई आहे. ही आठ मुलं मी वाढवली, प्रत्येकाला संसाराला लागेल ते सगळं दिलं. आता मी म्हातारी झाले आणि ती माझं बघत नाहीत. ज्याने माझ्या हातावर हात ठेवला त्याला माझं देईन, ज्याने दिलं नाही त्याला देणार नाही. आणि तिने नावं घेऊन चौघांना आपल्या वाट्यातून काढलं. ज्या मुलाने नीट बघितलं त्याला बाकीच्यांपेक्षा वर एक काशाचं घंगाळ. बापाच्या वाट्यावर सगळ्यांचा हक्क राहिला, तो तिचा नव्हता देण्या-न देण्याचा, तेवढी कायद्याची रेषा तिला माहीत होती. इ. स. पू. ११४५ च्या आसपास, स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेली बाई पंचांसमोर मृत्युपत्र करतेय. आमच्याकडे आजी-मावश्यांनी सह्या करून हक्क सोडलेले बघितलेत मी, त्यामुळे नौनख्तचं ते ‘मी स्वतंत्र बाई आहे’ मला पाठ झालंय.

राजाचं काय झालं. ३२व्या वर्षी, उन्हाळ्याच्या तिसऱ्या महिन्याच्या १६ तारखेला पोलीसप्रमुख मोंतुमेस गावात आला, तोच, आणि सांगितलं की बाज आकाशात उडाला. राजा गेला की असं म्हणायची पद्धत. पण बाज असा नुसता उडाला नव्हता. राणी तिये आणि तिचा मुलगा पेंतावेरे यांनी जनानखान्यात कट केला होता, मेणाच्या बाहुल्या करून जादूटोणा, दरबारातले खानसामे, लेखनिक, सेनापती सामील. खटल्याचा पपायरसही ट्यूरिनलाच आहे. न्यायाधीशांपैकी काही जण आरोपी बायकांबरोबर दारू प्यायले म्हणून त्यांची नाक-कान कापली. राजा त्या कटात मेला की वाचला यावर किती वर्षं वाद चालला, आणि २०१२ मध्ये ममीच्या सीटी स्कॅनचा निकाल आला तेव्हा दिसलं की गळा हाडापर्यंत चिरलेला आहे, जखमेवर पट्ट्यांचा जाड थर. मेदिनेत हाबूच्या भिंतीवर शत्रूंच्या कापलेल्या हातांचे ढीग मोजणारा राजा, आणि धोका त्याच्या जेवणघराच्या दारात होता. कोठाराकडून एक फट पडली होती, दुसरी घरातून.

त्याच्यानंतर ८०-८५ वर्षांत आठ राजे झाले, सगळ्यांची नावं रामसेस, चौथा ते अकरावा, त्यातले बरेचसे लवकर मेले आणि थडगी अर्धवट. चौथ्या रामसेसने टोळी दुप्पट करून १२० वर नेली, त्याच्या थडग्याचा मापांसकट नकाशा आहे तो अमेननख्तने काढला असं मानतात, हाताचा कसला सफाईदार माणूस. नवव्या रामसेसपर्यंत थडगी फोडण्याचे खटले सुरू झाले. अमुनपानेफेर नावाच्या पाथरवटाची कबुली आहे, राजा सोबेकेमसाफचं थडगं फोडलं, ममीवरचं सोनं काढलं, पेट्या जाळल्या, आठ जणांत वाटून घेतलं, पकडला गेला तेव्हा आपला वाटा अधिकाऱ्याला दिला, सुटला, साथीदारांनी त्याची भरपाई केली आणि परत सुरू. गावाच्या रोजनाम्यात आता नोंदी येतात की वाळवंटातल्या परक्यांच्या भीतीने आज काम बंद. अकराव्या रामसेसच्या काळात लोकांनी गाव सोडलं आणि आसरा घेतला तो मेदिनेत हाबूला, तिसऱ्या रामसेसच्या देवळाच्या तटाआड. ज्याच्या राज्यात आजे-पणजे उपाशी बसले होते त्याच्याच भिंतींमागे.

अमेननख्तचा मुलगा होरिशेरी लेखनिक झाला, नातू खाएमहेजेत लेखनिक, पणतू थुतमोस, खापरपणतू बुटेहामुन. एकाच घरात एवढ्या पिढ्या एकच दप्तर. थुतमोसचं आपल्या मुलाला लिहिलेलं पत्र आहे, त्यात तो आठवण काढतो की होरिशेरी आजोबांच्या घरी कागदांवर पाऊस पडला होता, तू ते बाहेर काढलेस, बघितलं तर अक्षरं पुसली नव्हती, मग आपण ते नेऊन अमेननख्तच्या थडग्यात ठेवले. मला या पत्राचं फार वाटतं. राज्य फुटत चाललंय, उत्तरेला एक, दक्षिणेला सेनापती आणि पुजारी, लिबियन टोळ्या, आणि बाप-लेक भिजलेली दप्तरं वाळवतायत. त्यात संपाचा तो पपायरस असेल तर बुटेहामुनने तो हातात घेतला असेल, वाचला असेल.

पुढे सेनापती पियांखचा हुकूम आला बुटेहामुनला आणि टोळीला, जुन्या थडग्यांपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत मोहर सांभाळा. थडगी बांधणाऱ्यांचे वंशज आता थडगी उघडायला लागले, सरकारी आदेशाने, बहुधा लढाईला सोनं हवं होतं म्हणून, आणि लुटून झालेल्या राजांच्या ममी परत गुंडाळून लपवायचं कामही त्यांच्याकडेच. मेदिनेत हाबूला बुटेहामुनच्या घराचे खांब अजून उभे आहेत, आमचा गाइड पुढे निघून गेला होता, मी तिथे थांबले.

१८८१ मध्ये दैर अल-बहारीच्या गुप्त खड्ड्यात राजांच्या ममी मिळाल्या त्यात तिसरा रामसेस होता. त्याच्या कापडावर शाईने लिहिलेली नोंद आहे: वर्ष १३, उन्हाळ्याचा दुसरा महिना, तारीख २७, मुख्य पुजारी पिनेजेमने दोन लेखनिकांना आज्ञा केली की राजा उसेरमात्रे मेरियामुन (म्हणजे तिसरा रामसेसच) याला पुन्हा नीट करावं, तो कायम टिकावा. दोन नावांत एक बुटेहामुन. म्हणजे ज्याच्या कारकिर्दीत १८ दिवस उलटले ते अमेननख्तने लिहून ठेवलं, त्या राजाला नव्याने कापडात गुंडाळायचं काम अमेननख्तच्या खापरपणतूकडे आलं. गळ्यावरच्या त्या पट्ट्या त्याच्या हाताखालून गेल्या असणार. नोंदीत त्याचा हुद्दा लिहिलाय, सत्यस्थानाचा लेखनिक. सत्यस्थान म्हणजे ते दैर अल-मदिनाच्या कामगारांचं जुनं खातं, गाव रिकामं झालं होतं, दरीत नवं थडगं कुणी खोदत नव्हतं, २८ तारखेला धान्य पाठवणारा तो राजवंश संपला होता, आणि हुद्दा चालू होता.